हसविणाऱ्याचें ऋण

ज्यानें आपणांस पोट धरून हसविलें, त्याचें आपण कांहीं देणें लागतों काय? तिकिटाचे पैसे मोजले, दोन घटका करमणूक झाली, व्यवहार संपला, असें पुष्कळांचें मत असतें. परंतु हसतां हसतां प्रेक्षक नटापासून कांहीं हिरावूनहि घेतो, आणि त्याची नोंद कोणत्याच हिशेबांत होत नाहीं, असें आम्हांस वाटतें.

आमच्या ठाणें, कल्याण व डोंबिवली या शहरांतील नाट्यगृहांचीं नांवेंच पाहा. ठाण्यास १९७८ पासून राम गणेश गडकरी यांच्या नांवाचें रंगायतन आहे. तेथीलच दुसऱ्या नाट्यगृहास डॉ. काशिनाथ घाणेकर यांचें नांव आहे. कल्याणास आचार्य अत्रे, तर डोंबिवलीस सावित्रीबाई फुले यांचें स्मरण केलेलें आहे. सावित्रीबाईंची थोरवी निराळीच. उरलेल्यांत गडकरी व अत्रे हे विनोदाचे थोर लेखक, आणि घाणेकर हे गाजलेले नायक. नांवें सर्वथा योग्य आहेत. तथापि विनोद लिहिणारा व नायक होणारा यांस दारावर स्थान मिळालें, आणि स्वतःचा देह वेडावांकडा करून, नाचून लोकांस हसविणारा मात्र त्या पाट्यांवर कोठेंच नाहीं, हें लक्षांत घेण्याजोगें आहे.

अशा हसविणाऱ्यांत कोल्हापूरचे गणपत पाटील यांचें उदाहरण मनास फार लागतें. तमाशांतील नाच्या हें पात्र जुनें. फडांत स्त्रिया येण्यापूर्वीं मुलगेच स्त्रीवेष घेऊन नाचत. पुढें स्त्रिया आल्या, तरी बायकी हावभाव करून हशा पिकविणारा नाच्या राहिलाच. गणपतरावांनीं हें काम रंगभूमीवर आणि विशेषतः मराठी तमाशापटांत असें वठविलें कीं, नाच्या म्हटला म्हणजे त्यांचीच मूर्ति डोळ्यांपुढें उभी राहावी. त्यांचा लचकता हात आणि ‘आत्ता गं बया’ हे शब्द घराघरांत गेले. २००८ सालीं त्यांचें निधन झालें. गणपतराव बायकामुलांचे संसारी गृहस्थ होते. परंतु लोकांनीं भूमिकेलाच माणूस मानलें. घराबाहेर कुचेष्टा झाली, आणि मुलांच्या लग्नांपर्यंत त्या संशयाची झळ पोहोंचली, हें पुष्कळदां प्रसिद्ध झालेलें आहे.

आतां याच्याशेजारीं बालगंधर्वांस ठेवून पाहावें. नारायणराव राजहंस हेहि पुरुषच, आणि त्यांचीहि कीर्ति स्त्रीभूमिकांवरच उभी राहिली. त्यांच्या वेषभूषेचें अनुकरण कुलीन स्त्रिया करीत. १९६४ सालीं त्यांस पद्मभूषण मिळालें, आणि निधनानंतर वर्षभरांत, १९६८ सालीं, पुण्यास त्यांच्या नांवाचें रंगमंदिर उघडलें. कोणी म्हणेल, त्यांचें गाणें अलौकिक होतें. ही तुलनाच अस्थानीं आहे. आम्हांस हें अंशतः मान्य आहे. कलेंतील उणेंअधिक कीर्तीचें माप ठरवील. पण शीलाविषयींचा संशय त्यांतून निघत नाहीं. एकानें पदर घेतला तेव्हां प्रेक्षकांनीं मान डोलावली आणि दुसऱ्यानें घेतला तेव्हां नाक मुरडलें, याचें कारण नटांपेक्षां प्रेक्षकांतच शोधिलें पाहिजे.

सतराव्या शतकांतील इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्स यानें म्हटलें आहे कीं, दुसऱ्याचें उणें पाहून स्वतःच्या श्रेष्ठपणाची जी अकस्मात् जाणीव होते, तिचें नांव हसणें. फ्रेंच तत्त्वज्ञ बर्गसाँ यानें १९०० सालीं प्रसिद्ध केलेल्या हास्यविषयक ग्रंथांत, हसण्यासाठीं हृदय क्षणभर बधिर व्हावें लागतें, असा विचार मांडला. सर्वच हास्य असें असतें, हें आम्ही मानीत नाहीं. परंतु नाच्यावरील हास्य पुष्कळ अंशीं असें असतें. सुंदर नायिका पाहून प्रेक्षक लीन होतो. नाच्यास पाहून तो स्वतःस उंच समजतो. खेळ चालूं असेपर्यंत ही बधिरता क्षम्य आहे. दिवे लागल्यावरहि ती टिकली, म्हणजे तिचा तिरस्कार होतो.

नाट्यशास्त्राच्या शेवटीं एक कथा आहे. भरताच्या पुत्रांनीं विद्येच्या मदानें ऋषींची विटंबना करणारे प्रयोग केले, तेव्हां संतप्त ऋषींनीं त्यांस हीनत्वाचा शाप दिला. ज्यांची टवाळी झाली ते रागावले, हें समजण्याजोगें आहे. परंतु नाच्यानें प्रेक्षकांची टवाळी केलेली नव्हती, त्यांस आनंदच दिला होता. आणि तरीहि शाप देणारे तेच झाले!

आनंद यादव यांच्या ‘नटरंग’ कादंबरीवरून डोंबिवलीचे रवी जाधव यांनीं काढलेला चित्रपट २०१० सालीं आला. त्यांतील गुणा हा पिळदार शरीराचा शेतमजूर. त्यास राजाची भूमिका करावयाची असते. परंतु फडास नाच्या मिळेना, म्हणून तो स्वतः नाच्या होतो आणि त्याची जबर किंमत देतो. ही कथा पाहून पुष्कळ सुशिक्षित कुटुंबें हळहळलीं, आणि तें चांगलेंच झालें.

परंतु त्या हळहळींतहि एक खोंच आहे. ‘बिचारा खरोखर तसा नव्हता, आणि लोकांनीं उगाच छळलें,’ असें आपण म्हणतों. गणपतरावांविषयींहि हेंच बोललें जातें. समजा, एखादा नट खरोखरच तसा असता, तर? मग ती कुचेष्टा न्याय्य ठरली असती काय? ठरत असेल, तर आपण छळाचा निषेध न करितां केवळ त्याचा पत्ता चुकला एवढेंच म्हणत आहों. माणसाचा हात लचकतो कीं ताठ राहतो, यावरून त्याचा मान ठरवूं नये, एवढें मान्य केल्यावांचून गणपतरावांस खरा न्याय मिळत नाहीं.

तेव्हां हसविणाऱ्याचें ऋण पैशानें किंवा पाटीवरील नांवानें फिटेल, असें आम्हांस वाटत नाहीं. शाळेच्या स्नेहसंमेलनांत आपला मुलगा शिवाजी झाला म्हणजे आपण शेजाऱ्यांस बोलावतों. तोच मुलगा लुगडें नेसून नाचला आणि सभागृह हसून लोटपोट झालें, तर घरीं आल्यावर आपण त्याच्याशीं काय बोलतों? ऋणाची फेड व्हावयाची असेल, तर ती त्या बोलण्यांतच सुरू झाली पाहिजे.