सवलत नाकारणे ही परहेजगारी आहे का?

मधुमेहाने त्रस्त एका बुजुर्गांनी मला विचारले, "इमामसाहेब, इन्सुलिन चालू आहे. डॉक्टर रोजा नको म्हणतात. पण आयुष्यभराचा रोजा सोडू कसा?" या प्रश्नात ईमानची तळमळ आहे, तशीच एक सूक्ष्म चूकही आहे.

हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) तारुण्यात दररोज रोजा ठेवीत. शरीराचाही आपल्यावर हक्क आहे, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना बजावले व महिन्याला तीन रोजे पुरेसे असल्याचे सांगितले. त्यांनी मात्र अधिकाचा आग्रह धरला. वार्धक्यात शक्ती ओसरल्यावर, ती सवलत स्वीकारली असती तर बरे झाले असते, असे ते म्हणत.

ही नफिल रोजांची गोष्ट. पण सूरह बकराच्या आयत 184 मध्ये फर्ज रोजांतही आजाऱ्यास सूट आहे. बरे होण्याची आशा नसलेल्या वृद्धाने प्रत्येक रोजामागे एका गरिबास जेवू घालावे, हाच फिदया. रोजा फर्ज करणारा आणि सूट देणारा एकच आहे. मग एक हुकूम मानून दुसरा नाकारणे, ही इबादत अल्लाहची की आपल्या सवयीची?

घरच्यांनो, दुपारी त्यांचे ताट आदराने वाढा. इफ्तारच्या दस्तरखानावरही त्यांची जागा तीच राहू द्या.