पाचवे कारण

पीक बुडाले तर दोष कोणाचा? दैवाचा, की पेरणाराचा? हा प्रश्न आम्हाला एका वारकऱ्याने विचारला. उत्तर देताना आमची जी फजिती झाली, ती वाचकांपुढे जशीच्या तशी ठेवतो.

2023 सालच्या कार्तिकात मराठवाड्यातील एका गावी सप्ताहात आमची सेवा होती. त्या वर्षीचा ऑगस्ट कोरडा गेला होता. 1901 पासून देशात पावसाच्या ज्या नोंदी आहेत, त्यांत इतका कोरडा ऑगस्ट दुसरा नाही. सोयाबीन ऐन फुला-शेंगांत असताना पावसाने ओढ दिली. म्हणून कीर्तनात आम्ही प्रारब्धाचा विषय घेतला. आले ते भोगावे, चित्त नामात ठेवावे, असे सांगितले. श्रोत्यांचे डोळे भरून आले. आम्हाला वाटले, कीर्तन रंगले.

काल्याच्या दिवशी एक माळकरी जवळ येऊन बसला. म्हणाला, "म्हाराज, एक इचारू का? माझं पाच एकर सोयाबीन गेलं. तुम्ही म्हणता तसं, प्रारब्ध. मान्य. पण बांधाला लागून चुलत्याचं रान हाये. त्यानं सोयाबीनच्या चार वळीमागं दोन वळी तुरीच्या टाकल्या. त्याचंबी सोयाबीन गेलं, पर तूर हिरवीगार उभी हाये. आभाळ एक, पाऊस एक, मग प्रारब्ध बांधापाशी कसं काय बदललं?"

सज्जनहो, आमच्याजवळ उत्तर नव्हते. आम्ही त्याला बुक्का लावला, माउलींचे नाव घेतले आणि उठलो. त्या रात्री झोप आली नाही.

घरी आल्यावर गीतेचा अठरावा अध्याय उघडला. कर्म घडण्यास तेथे पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. दैव पाचवे आहे! पाठशाळेत हा श्लोक आम्ही घोकला, पुढे त्यावर निरूपणे केली. पण या क्रमाकडे कधी लक्ष गेले नाही. आचार्य तर येथे दैव म्हणजे नशीब असा अर्थ करीतच नाहीत; इंद्रियांवर अनुग्रह करणाऱ्या आदित्यादी देवता असा करतात. पण लोकरूढीचा अर्थ धरला, तरी पहिली चार कारणे तपासल्यावाचून पाचव्याकडे बोट दाखविण्याचा अधिकार कोणास पोचतो? अधिष्ठान म्हणजे देह हे खरे. दृष्टांतापुरती आम्ही जमीन घेतो. मग कर्ता तो शेतकरी, करण म्हणजे बियाणे व अवजार, चेष्टा म्हणजे पेरणीची रीत, आणि पाऊस ते दैव.

आता चेष्टेचा विचार करू. आमच्या लहानपणी वडील तिफणीने ज्वारी पेरीत आणि मधून मधून तुरीचे तास धरीत. कडेला अंबाडी, कोठे मूग, कोठे उडीद. आम्हाला ती सवय वाटे. ते शहाणपण होते. ज्वारी चार महिन्यांत हाती येते, तूर सहा महिने घेते. ज्वारीची मुळे वरच्या थरात पसरतात, तुरीचे मूळ खोल उतरते. एकीची तहान दुसरीच्या आड येत नाही. पावसाने मध्येच दगा दिला तरी उत्तरा-हस्ताच्या पाण्यावर तूर सावरते. शिवाय तुरीच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतील नत्र धरतात आणि तिचा पाला रानात गळतो. म्हणून जुनी माणसे तुरीचा बेवड चांगला म्हणत.

हे नुसते वडिलांचे सांगणे नाही. हैदराबादजवळ पाटणचेरू येथे इक्रिसॅट ही कोरडवाहू शेतीची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था आहे. तेथील राव आणि विली या शास्त्रज्ञांनी अनेक प्रयोगांचा हिशेब करून 1980 साली तो प्रसिद्ध केला. उत्पन्न एका ठरावीक मर्यादेखाली गेले की पीक बुडाले असे धरले, तर एकटी तूर 5 वर्षांत एकदा बुडते, एकटी ज्वारी 8 वर्षांत एकदा, आणि दोन्ही एकत्र पेरल्या तर 36 वर्षांत एकदा. पाऊस तोच, जमीन तीच. पाच आणि छत्तीस यांमधील एवढे मोठे अंतर दैवाच्या खात्यावर लिहून आम्ही मोकळे झालो होतो!

मात्र छत्तिसावे वर्ष उरतेच. 1972 साली आमच्या घरी तूरही गेली, ज्वारीही गेली. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात व सोलापुराकडे पूर आले. पाणी साचून राहिले त्या रानात तुरीचाही निभाव लागत नाही. आणि आभाळही पूर्वीचे राहिलेले नाही. 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात मोठ्या प्रदेशावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग तिप्पट झाले, असे पुण्याच्या हवामानशास्त्रज्ञांनी 2017 साली दाखवून दिले. तेव्हा दैव नाही, असे आम्ही म्हणत नाही. चारही कारणे नीट केल्यावर जे उरते ते दैव. ते एकट्याने भोगायचे नसते. गावाने आणि राज्याने वाटून घ्यायचे असते. बहात्तरच्या दुष्काळातून रोजगार हमी उभी राहिली आणि 1977 साली तिचा कायदा झाला, तो याच धर्माचा.

मग सगळा दोष त्या माळकऱ्याचा का? तसेही नाही. त्याला आम्ही नंतर विचारले, "बाबा, तूर का नाही टाकली?" तो म्हणाला, "सोयाबीनचा पैसा दिवाळीला हातात येतो म्हाराज, अन् देणेकरी तवाच दारात येतो. ज्वारी लावली तर पाखरं खातात, काढायला माणूस भेटत नाही, अन् इकायला गेलं तर भाव नाही."

ज्वारीला भाव का नाही? ज्वारी खाणारे आम्ही कोठे गेलो? सप्ताहाच्या पंगतीत आम्हीच बुंदी आणि पुरीची वाखाणणी करतो. भाकरी-पिठल्याची पंगत लावणाऱ्या यजमानाला आम्ही कधी मोठेपणा दिला? त्याच्या शेतात काय पेरले जावे, हे काही अंशी आमच्या पानात ठरते. म्हणजे कर्ता तो एकटा नव्हे. त्या पाच एकरांत आमचाही हात आहे, आणि आम्ही वर त्याला प्रारब्ध शिकवीत होतो.

मृगाचा पेरा उरकून वारकरी आषाढीला निघतो. बी मातीत आणि मन पंढरीत, अशी ती वाट आहे. विठ्ठलावर भार टाकायचा तो पेरल्यानंतर. पेरण्याआधीचा भार त्याने आपल्याच माथी ठेवला आहे.

यंदा त्याच गावी पुन्हा सेवेचे आमंत्रण आहे. आम्ही यजमानांना कळविले आहे की, काल्याच्या पंगतीला गावच्याच ज्वारीची भाकरी आणि गावच्याच तुरीचे वरण असावे. ज्वारी-तूर बाजारभावाहून चार पैसे जास्त देऊन घ्यावी आणि आमचे मानधन त्यात घालावे. आणि कीर्तनाला उभे राहण्यापूर्वी त्या माळकऱ्याच्या पाया पडून सांगायचे आहे, "बाबा, प्रारब्ध बांधापाशी बदलत नाही. तेव्हा आम्ही चुकीचे सांगितले."