विवेकबुद्धी आणि राजसत्ता

ईश्वराविषयी मनुष्याने काय मानावे आणि कोणत्या उपासनेसाठी द्रव्य द्यावे, हे ठरविण्याचा अखत्यार राजसत्तेला आहे काय, हा सनातन प्रश्न अठराव्या शतकात अमेरिकेतील व्हर्जिनिया प्रांतात ऐरणीवर आला. तेथे इंग्लंडचे चर्च सरकारमान्य असून त्याच्या पाद्र्यांसाठी अन्यपंथीयांकडूनही कर वसूल होई, आणि परवान्यावाचून उपदेश करणाऱ्या बाप्टिस्टांना तुरुंगवास घडे. स्वातंत्र्यानंतर, १७८४ मध्ये, पॅट्रिक हेन्री यांनी ख्रिस्ती धर्मोपदेशकांच्या निर्वाहासाठी कर बसविण्याची, वरकरणी सौम्य भासणारी, योजना पुरस्कारिली, तेव्हा जेम्स मॅडिसन यांनी १७८५ च्या आपल्या निवेदनात असे प्रतिपादिले की, ईश्वराप्रती असलेले कर्तव्य राज्यसंस्थेच्या कोणत्याही हुकमाहून श्रेष्ठ असल्यामुळे त्यात सरकारने हात घालणे हाच मर्यादाभंग होय. हा युक्तिवाद मला अनमोल वाटतो, कारण तो अश्रद्धेतून नव्हे, तर श्रद्धेच्या प्रतिष्ठेतून उद्भवतो. १७८६ मध्ये थॉमस जेफरसन यांनी रचलेला धर्मस्वातंत्र्याचा कायदा व्हर्जिनियात मंजूर झाला, आणि १७९१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने संघीय काँग्रेसला धर्मसंस्थापनेचा कायदा करण्यास मज्जाव केला. मात्र मॅडिसन आणि जेफरसन हे विवेकबुद्धीचे दोन्ही कैवारी आमरण गुलामांचे धनी राहिले. विद्यार्थ्यांनी त्यांच्या तत्त्वाची थोरवी अभ्यासताना हा घोर दोष झाकून ठेवू नये.