शिकविणाऱ्याचा आनंद

मननार्थ शास्त्रभाग : नहेम्या ८:१–१२, मत्तय २०:१–१६



नहेम्याच्या आठव्या अध्यायांत एका मोठ्या शास्त्रवर्गाची हकीकत आहे. यरुशलेमांत पाणीवेशीसमोरच्या चौकांत लोक जमले. एज्रा शास्त्र्यानें पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचलें, आणि लेव्यांनीं लोकांस त्याचा अर्थ उलगडून सांगितला. लोक प्रथम रडले. मग घरोघर जाऊन त्यांनीं मोठा उत्सव केला. ह्या आनंदाचें कारण तेथेंच दिलें आहे : सांगितलेलीं वचनें त्यांस समजलीं होतीं. शिकविणाऱ्याचा आनंदहि येथेंच आहे. परंतु हें कळावयास आम्हांस पुष्कळ वर्षें लागलीं.

नवी मुंबई हें शहर १९७० सालीं स्थापन झालेल्या सिडकोनें वसविलें. आपल्या खेड्यांतील कितीएक कुटुंबें पोटासाठीं तेथें जाऊन राहिलीं आहेत. तुर्भें येथें अशाच एका कुटुंबाच्या खोलींत आम्ही आठवड्यांतून एकदां शास्त्राचा वर्ग घेतों. येणारे बहुतेक मजुरी करणारे. कित्येकांस अक्षरओळखहि नाहीं.

एके सायंकाळीं द्राक्षमळ्यांतील मजुरांचा दाखला चालला होता. सेमिनरींत उतरून घेतलेलीं टिपणें आमच्या हातीं होतीं. अकराव्या तासास आलेले मजूर म्हणजे कोण, दिनार म्हणजे काय, हें सर्व आम्हीं विस्तारानें सांगितलें. ‘दिवसभर रिकामे उभे राहिलेल्यांसहि पूर्ण मजुरी मिळाली, हीच कृपा,’ असें बोलून आम्ही पुस्तक मिटणार, इतक्यांत मागें बसलेले एक गृहस्थ भीत भीत म्हणाले :

“पाळकसाहेब, ते रिकामे नव्हते. मी रोज सकाळीं मजूर नाक्यावर उभा राहतों. काम मिळालें, तर अंग दुखतें, पण जीवाला घोर नसतो. काम न मिळतां उन्हें उतरलीं, म्हणजे घरीं पोरांना काय सांगूं, हेंच मनांत घोळतें. तो उभ्याचा दिवस फार जड जातो. धन्याला तें ठाऊक असेल. पोरांची भूक कांहीं एका तासाची नसते.”

खोलींत कोणी बोललें नाहीं. एका भगिनीनें पदरानें डोळे पुसले. दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी, हें आमच्या टिपणांत होतें. परंतु ती मजुरी म्हणजे घरची भाकर, हें त्या बंधूनें दाखविलें. मग आम्हीं तो भाग पुन्हा वाचला. तेथें धनी त्या मजुरांस विचारतो, आणि आपणांस कोणीं कामास लाविलें नाहीं, हें त्यांचें उत्तर ऐकून घेतो. आम्हीं इतकीं वर्षें हा दाखला शिकविला, पण वर्गांतल्या कोणास कधीं विचारलें नव्हतें! आम्हांस लाज वाटली. आणि त्या लाजेच्या पोटींच असा आनंद झाला कीं, तसा कोणत्याहि उपदेशाच्या स्तुतीनें झाला नव्हता. त्या रात्रीं गुरु शिष्य झाला होता.

पंडिता रमाबाईंनीं मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून शास्त्राचें मराठी भाषांतर केलें, तें साध्यासुध्या स्त्रियांसहि समजावें म्हणून सोप्या भाषेंत केलें. १९२२ सालीं त्या प्रभूकडे गेल्या, आणि १९२४ सालीं तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. एवढ्या विदुषीनें ऐकणाऱ्याच्या समजुतीपुढें आपलें पांडित्य लहान केलें. मग आपण आपल्या चार टिपणांचा अभिमान कां धरावा?

उपदेशक बंधूंनो, तुमच्या वर्गास चारच माणसें येत असतील, आणि दिव्याचा उजेड मंद असेल. तरी खिन्न होऊं नका. तयारी कसून करा. पण वाचून झाल्यावर थोडें थांबा. शेतावरून थकून आलेल्या भावास, मागें बसलेल्या म्हातारीस विचारा, कीं ह्यांत तुम्हांस काय दिसलें? उत्तरास वेळ लागेल, तो लागूं द्या. ज्या आत्म्यानें वचन दिलें, तोच त्यांच्याहि अंतःकरणांत बोलतो.

आपणां सर्वांस शिकविण्याची कृपा आणि त्याहून अधिक शिकण्याची नम्रता प्रभु देवो. आमेन.