संकल्प आणि सोडलेले उदक

चैत्र शुद्ध प्रतिपदेस गुढी उभारल्यावर पूजेच्या आरंभी जो संकल्प सांगितला जातो, त्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. गुरुजी संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार व नक्षत्र यांची नावे घेतात. यजमान आपले नाव व गोत्र सांगतो. कुटुंबाचे क्षेम, आयुष्य, आरोग्य व ऐश्वर्य यांची इच्छा उच्चारली जाते आणि हातावरून पळीभर पाणी ताम्हणात सोडले जाते. सारा विधी एक-दोन मिनिटांचा. परंतु ज्या घरी सरते वर्ष कठीण गेले असेल, त्या घरी याच ठिकाणी यजमानाचा हात क्षणभर अडखळतो. गेल्या पाडव्यासही हेच शब्द उच्चारले होते. त्यानंतर कोणाच्या घरातील माणूस गेले, कोणाची नोकरी गेली, कोणाच्या मुलीचे ठरलेले लग्न मोडले. मग तेच शब्द पुन्हा कोणत्या तोंडाने उच्चारावेत?

हा प्रश्न आम्हांस क्षुद्र वाटत नाही; नास्तिकपणाचा तर मुळीच वाटत नाही. ज्याची श्रद्धा केवळ सवयीपुरती असते त्याचा हात अडखळत नाही. तो पाणी सोडून मोकळा होतो. ज्याने मनापासून काही मागितले होते, त्यालाच ते न मिळाल्याची बोच लागते.

आम्हां बडोदेकर मराठी कुटुंबांना तर हा प्रसंग वर्षातून दोनदा येतो. आपला पाडवा चैत्रात, तर आपल्या गुजराती शेजाऱ्यांचे नवे वर्ष कार्तिक शुद्ध प्रतिपदेस. दिवाळीत त्यांच्या दुकानी चोपडापूजन होते, नवी वही उघडली जाते, आणि पिढ्यान्‌पिढ्या येथे राहिल्यामुळे आपल्यापैकी अनेकांच्या घरीही आता दोन्ही दिवस साजरे होतात. जुनी वही मिटून नवी उघडण्यात मोठे समाधान असते. पण मागील बाकी पुढे ओढल्यावाचून नवी वही लिहिता येत नाही, हे कोणीही दुकानदार सांगेल.

काही मंडळी आपल्या दुःखाचा अर्थ संवत्सराच्या नावात शोधतात. साठ संवत्सरांचे चक्र प्रभवापासून सुरू होऊन क्षयापाशी संपते, आणि त्यातील काही नावे ऐकूनच मन चरकते हे खरे. शके १९४२ चे नाव शार्वरी, म्हणजे रात्र. त्याचा पहिला दिवस २५ मार्च २०२०, आणि देशव्यापी टाळेबंदीचाही तोच पहिला दिवस. त्या वर्षी आषाढी एकादशीस माउलींच्या व तुकोबांच्या पादुका दिंड्यांवाचून एस.टी.च्या बसने पंढरीस गेल्या. नाव आणि घटना यांचा असा मेळ पाहून कोणीही थक्क व्हावे. परंतु त्याच्या पुढील वर्षाचे नाव होते प्लव, म्हणजे नौका, तराफा. रात्रीनंतर तारून नेणारी नौका! ते वर्ष १३ एप्रिल २०२१ रोजी लागले, तेव्हा साथीची दुसरी लाट चढत होती आणि लोक प्राणवायूसाठी दारोदार फिरत होते. शके १९४६ क्रोधी, आणि त्याच वर्षी, ऑगस्ट २०२४ मध्ये, गोकुळाष्टमीच्या सुमारास विश्वामित्रीचे पाणी आपल्या शहरात शिरले. क्रोधी नावामुळे पूर आला असे म्हणावे, तर प्लव नावाने कोणास तारले हेही सांगावे लागेल. मेळ बसतो तेथे नाव आठवायचे व बसत नाही तेथे विसरायचे, याला विचार म्हणत नाहीत. संवत्सराचे नाव हा काळाचा पत्ता आहे. आपण कोठे उभे आहोत एवढेच तो सांगतो.

मग श्रद्धावान माणसाने कठीण वर्षाकडे पाहावे तरी कसे? या प्रश्नावर महाभारताच्या वनपर्वात द्वैतवनातला एक संवाद आहे. आमच्या समजुतीप्रमाणे या विषयावर त्याहून प्रामाणिक संवाद आपल्या वाङ्मयात विरळा. राज्य गेले, भर सभेत विटंबना झाली, पाची पांडव वल्कले नेसून रानात आले. द्रौपदी युधिष्ठिरास विचारते की, आपण राज्य, भाऊ, प्रत्यक्ष मला व स्वतःलाही टाकाल, पण धर्म टाकणार नाही हे मी जाणते. जो धर्माचे रक्षण करतो त्याचे रक्षण धर्म करतो असे वडीलधारे सांगतात. मग तो आपले रक्षण करताना का दिसत नाही? ती एवढ्यावर थांबत नाही. लाकडी बाहुली दोरीने नाचवावी तसा ईश्वर प्राण्यांना नाचवितो, सज्जनांना दुःख देऊन दुर्जनांना वैभव देतो, असे ती स्पष्ट म्हणते. देवघरापुढे उभे राहून आपल्या घरची एखादी सून असे बोलली, तर आपण तिला गप्प बसवू.

युधिष्ठिर तिच्या वाणीची स्तुती करतो, पण हे बोलणे नास्तिकाचे आहे असे बजावतो. त्याचे स्वतःचे उत्तर मात्र फार मोलाचे आहे. आपण धर्म फळासाठी आचरीत नाही. द्यायचे म्हणून देतो, करायचे म्हणून करतो, असे तो सांगतो. जो धर्माचा व्यापार करतो, गाईची धार काढावी तशी धर्माची धार काढू पाहतो, त्यास त्याने हीन म्हटले आहे. आपल्यापैकी किती जणांची श्रद्धा या कसोटीस उतरेल, हे ज्याचे त्याने पाहावे. येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. गीतेत भगवंतांनी भक्तांचे चार प्रकार सांगताना आर्त आणि अर्थार्थी यांनाही भक्तांतच बसविले आहे व चौघांनाही उदार म्हटले आहे. म्हणजे मागणे हे पाप नव्हे. मागितलेले मिळाले नाही म्हणून नाते तोडणे, ते व्यापाऱ्याचे लक्षण.

आणि द्रौपदी? ती हरून गप्प बसत नाही, हा या संवादाचा खरा गाभा आहे. आपण धर्माची निंदा करीत नाही, आपण आर्त आहो म्हणून विलाप करतो आहो, आणि आणखीही करणार आहो, असे ती युधिष्ठिरास ऐकविते. मग ती कर्माविषयी बोलू लागते. लहानपणी वडिलांनी घरी ठेवून घेतलेल्या एका पंडिताने तिच्या भावांना जी नीती शिकविली, ती हिने जवळ बसून ऐकली होती. त्या बोलण्यात एक शेतकरी येतो. तो नांगराने जमीन फोडतो, बी पेरतो आणि मग गप्प बसतो, कारण पुढचे पर्जन्याच्या हाती आहे. पाऊस पडला नाही तर त्यात त्याचा दोष नाही. इतरांनी केले ते सारे त्याने केले होते.

कठीण वर्षाचा हिशेब मांडताना हा शेतकरी आम्हांस फार उपयोगी वाटतो. आपण केलेल्या संकल्पातील नांगरणी कोणती आणि पाऊस कोणता, हे वेगळे करून पाहिले की पुष्कळसे ओझे हलके होते. पुरात ज्याच्या दुकानातील माल भिजला, त्याने कष्ट कमी केले होते काय? ज्याने वर्षभरात ज्ञानेश्वरीचे पारायण पुरे करण्याचे योजिले व अंथरुणाला खिळलेल्या आईच्या सेवेत ज्याचा सहावा अध्यायही पुरा झाला नाही, त्याचा संकल्प मोडला असे कोणी म्हणावे? आईबापांच्या सेवेत गुंतलेल्या पुंडलिकाने तर दारी आलेल्या देवालाच विटेवर थांबविले. पंढरीचे सारे वैभव त्या थांबण्यावर उभे आहे. अर्थात हाच शेतकरी उलट बाजूनेही साक्ष देतो. ज्याने नांगरच धरला नाही त्याला पावसाकडे बोट दाखविता येत नाही. ही निवड ज्याने त्याने एकांतात करावी. शेजाऱ्याने ती करू नये.

शेजाऱ्याचा विषय निघाला म्हणून थोडे परखड लिहितो. दुःखी घरी समाचारास गेल्यावर ‘प्रारब्ध आहे’, ‘पूर्वजन्मीचे काही असेल’, ‘देव परीक्षा पाहतो’ ही वाक्ये सहज उच्चारली जातात. प्रारब्ध हा शब्द माणसाने स्वतःच्या दुःखासाठी वापरला तर त्यातून धीर मिळतो. दुसऱ्याच्या दुःखावर तोच शब्द टाकला की तो आरोप होतो. तसेच दुःखाने माणूस घडतो, हेही वाक्य जपून वापरावे. १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात तुकोबांची पत्नी व मुलगा गेले, दुकान बुडाले, आणि पुढे त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडून दिल्याचे परंपरा सांगते. ते थोर झाले ते तुकोबा होते म्हणून. त्याच दुष्काळात जी असंख्य घरे नाहीशी झाली, त्यांच्याविषयी दुष्काळाचे आभार कोण मानील?

आता पुन्हा त्या ताम्हणाकडे येऊ. मराठीत ‘एखाद्या गोष्टीवर पाणी सोडणे’ म्हणजे तिच्यावरचा हक्क सोडणे. आपण इच्छा उच्चारतो आणि त्याच क्षणी तिच्यावर पाणी सोडतो, ही योजना आम्हांस विलक्षण वाटते. इच्छा मनात दाबून ठेवा असे शास्त्र सांगत नाही. नावगोत्रासह, तिथीवारासह ती मोठ्याने सांगावी. ती पुरी करण्यासाठी उद्यापासून राबावे. आणि ती वसूल करण्याचा हक्क मात्र तेथेच सोडावा. या अर्थाने पाहिले तर गेल्या पाडव्याचा संकल्प फसला असे म्हणता येत नाही. तो दस्तऐवज नव्हता, की ज्याची मुदत टळल्यावर दावा लावावा. यजमानाने यंदाही तेच शब्द उच्चारावेत. घरात एक माणूस कमी झाले असेल, तर ते शब्द अधिक जड वाटतील, एवढेच.

राहता राहिला नवसाचा प्रश्न, आणि तो देवस्थानाच्या पत्रकात टाळता येणार नाही. दुखणेकरी बरा झाला तर अमुक करीन असे बोललेले असते आणि तो बरा होत नाही. अशा नवसाचे काहीही देणे उरत नाही. घरच्यांनी मनावर भार ठेवू नये. काहींचे मागणे फळास येते, पण त्याच वर्षी संसाराची घडी विस्कटते आणि बोललेले फेडण्याची ऐपत राहत नाही. ही मंडळी मग लाजून देवळाची पायरी चढत नाहीत, याचे आम्हांस फार वाईट वाटते. देवाच्या नावाने तगादा लावण्याचा अधिकार कोणत्याही विश्वस्त मंडळास नाही व तो कोणी घेऊही नये. पूजेत वस्त्र नसेल, अलंकार नसेल, तर त्या जागी अक्षता वाहण्याची रीत आपल्याकडे चालत आलेली आहे. गुरुजी ते उपचार गाळीत नाहीत, त्यांचे नाव घेऊन चार अक्षता वाहतात. ज्यांचे हात यंदा रिकामे आहेत त्यांनी घरून चिमूटभर अक्षता आणाव्यात आणि बोललेल्या वस्तूचे नाव घेऊन त्या पायाशी वाहाव्यात. त्याची पावती नको, कार्यालयात नोंदही नको.