वाकते तिथे तुटते

कुंपणाची तार कापायची आहे आणि पक्कड हाताशी नाही, तेव्हा जळगाव-धुळ्याकडचा शेतकरी ती एकाच जागी इकडे-तिकडे वाकवत राहतो. थोड्या वेळात ती जागा तापते आणि तार तुटते. बायपास झालेल्या हृदयावरच्या स्टेंटची, म्हणजे रक्ताची वाट उघडी ठेवणाऱ्या धातूच्या नळीची, जाळीही क्वचित अशीच तुटते.

बायपासमध्ये पायातली शीर काढून तिचं एक टोक महाधमनीला आणि दुसरं हृदयावरच्या रक्तवाहिनीला जोडतात. क्लीव्हलँडमध्ये रेने फावालोरो यांनी १९६७ पासून ही शस्त्रक्रिया रूढ केली. पण पायातली शीर कमी दाबाला सरावलेली. धमनीचा दाब सोसताना तिची भिंत जाड होते, आत चरबी साठते. दहा वर्षांत अशा निम्म्याच्या आसपास शिरा बंद पडतात. छाती पुन्हा उघडणं जोखमीचं, म्हणून अरुंद झालेल्या शिरेतच औषधाचा लेप असलेला स्टेंट बसवतात. लेपातलं औषध पेशींची वाढ रोखून धरतं, त्यामुळे वाट पुन्हा बुजण्याचा धोका कमी होतो.

आता ही शीर कुठे आहे ते बघा. तिचं वरचं टोक महाधमनीला बांधलेलं, खालचं धडधडत्या हृदयाला. हृदय दिवसाला साधारण एक लाख ठोके देतं, आणि दर ठोक्याला शीर मधल्या वळणावर किंचित वाकते. तिथे धातूची ताठ जाळी बसली, की वाकण्याचा सगळा ताण एकाच जागी येतो. स्टेंट लांब असेल, किंवा दोन स्टेंट एकमेकांवर चढवलेले असतील, तर तो दुहेरी भाग आणखी ताठ होतो. वर्षाला साडेतीन कोटींहून जास्त ठोके. तारेला थोडा वेळ वाकवणं पुरलं होतं.

जाळी तुटली की त्या फटीत भिंतीला आधार राहत नाही, औषध नीट पोचत नाही, तुटकं टोक भिंतीला टोचत राहतं. जखम भरताना पेशी वाढतात आणि वाट पुन्हा अरुंद होते. तुटलेल्या प्रत्येक स्टेंटचं असं होत नाही. काही वर्षानुवर्षं निमूट राहतात. पण छातीत पुन्हा कळ आली की घरची माणसं आधी म्हणतात, स्टेंट हलका होता, किंवा यांनी पथ्य पाळलं नाही. २०१७ मध्ये सरकारने स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली, तेव्हापासून स्वस्त म्हणजे कमअस्सल हा संशय मी वारंवार ऐकतो. अशा बोलण्यांपायी रुग्ण स्वतःलाच दोष देत बसतो, याचं मला फार वाईट वाटतं. चांगल्यातला चांगला स्टेंटही चुकीच्या वळणावर तुटू शकतो.

आणि तुटलेलं सहज दिसत नाही. अँजिओग्राफीत रंग सोडला की सगळं लक्ष रक्ताच्या वाटेकडे जातं, बारीक जाळी रंगाखाली झाकली जाते. पुन्हा अरुंद झालेल्या शिरेत दुसरा स्टेंट घालण्याआधी पहिला अखंड आहे का, हे बघायला हवं. नाहीतर नवी जाळीही त्याच बिजागरीसारख्या वळणावर बसते. ते बघायची जागा चित्रफितीच्या सुरुवातीला असते: रंग शिरण्याआधीच्या दोन-तीन ठोक्यांत, जिथे राखाडी पडद्यावर फक्त धातूची जाळी हलताना दिसते आणि मधली एक फट ठोक्यासरशी उघडते, मिटते.