भुतांनी वाढवलेला मुलगा

मी पुण्यात पौरोहित्य करते. लग्न-मुंजींपेक्षा दहाव्या-बाराव्याची बोलावणी मला जास्त येतात, कारण ती कामं पुष्कळ गुरुजी टाळतात. मृत्यू झालेल्या घरात एक गोष्ट हमखास दिसते: मुलांची रवानगी शेजारी झालेली असते. “लहान आहे, घाबरेल.” आणि संध्याकाळी त्याच घरात गरुडपुराण लावतात! रक्त-पुवाने भरलेली वैतरणी, पाशाने बांधून फरफटत नेणारे यमदूत. तोवर परत आलेलं पोर आतल्या खोलीत जागंच असतं आणि सगळं ऐकत असतं. त्याला कुणी भीतीदायक म्हणत नाही, कारण ते पुराण आहे.

नातीने नील गेमनचं ‘द ग्रेव्हयार्ड बुक’ मागितलं तेव्हा मात्र घरात कुरकुर झाली. स्मशानातली गोष्ट, भुतंखेतं, अकराव्या वर्षी कशाला? म्हणून मीच ते आधी वाचलं.

पुस्तक 2008 सालचं. रात्री एक माणूस सुरी घेऊन एका घरात शिरतो आणि आई, वडील, थोरली बहीण अशा तिघांना मारतो. दीडेक वर्षांचं धाकटं पोर तेवढं दुडदुडत टेकडीवरच्या जुन्या दफनभूमीत पोचतं. तिथली भुतं वादविवाद करून ठरवतात की याला आपण सांभाळायचं. अपत्य नसलेलं ओवेन्स दांपत्य त्याचे आईबाप होतात. धड जिवंतही नाही आणि मेलेलाही नाही असा सायलस त्याचा पालक होतो. पोराचं नाव ठेवतात नोबडी, हाक मारायला बॉड. सांगाडा ‘जंगल बुक’चा आहे आणि गेमनने ते ऋण मोकळेपणी मानलं आहे. 1865 साली मुंबईत, जे. जे. कलाशाळेच्या आवारात जन्मलेल्या किपलिंगचा मोगली लांडग्यांत वाढला, हा भुतांत वाढतो. पुस्तकाला अमेरिकेचं न्यूबेरी आणि ब्रिटनचं कार्नेगी अशी बालसाहित्यातली दोन्ही मोठी पदकं मिळाली. खून कुणी आणि का केला याचा उलगडा मात्र मला सगळ्यांत कच्चा वाटला. गुप्त मंडळी, जुनं भाकीत, असला मसाला. पण मला थांबवलं ते वेगळ्याच जागी.

बॉडला मरणाचं भय नाही. त्याची जिवाभावाची माणसं सगळी मेलेलीच, मग आपणही मेलो तर काय बिघडलं? सायलस त्याला समजावतो की मेलेल्यांचं जे व्हायचं ते होऊन गेलं. आता ते काही नवं करू शकत नाहीत, बदलू शकत नाहीत. जिवंत माणसाच्या हाती अजून सगळं आहे. वाचताना मी चमकले, कारण आमच्या शास्त्रातला कर्मयोनी आणि भोगयोनी हा भेद नेमका हाच आहे. नवं कर्म घडतं ते मनुष्यजन्मात. प्रेतयोनी भोगण्यासाठी, आणि देवयोनीसुद्धा भोगण्यासाठीच. त्या दफनभूमीत नेहेमाया ट्रॉट नावाचा एक कवी आहे. समीक्षकाने झोडपलं म्हणून याने सूड काय उगवला, तर आपल्या अप्रकाशित कविता स्वतःबरोबर पुरायला लावल्या! आपण जगाला केवढी अद्दल घडवली, या आनंदात तो अजून आहे. इतक्या वर्षांत त्याला दुसरं काही सुचलेलं नाही. नवं कर्म नसणं म्हणजे काय, हे मी प्रवचनात सांगितलं असतं तर लोक पेंगले असते.

बॉडला ही सगळी भुतं लळा लावतात, पण आमचा सगळा विधी कुणी असं अडकून राहू नये म्हणूनच आहे. चितेपाशी खांद्यावरचं मडकं ज्या दगडाने फोडतात तो जीवखडा आम्ही जपतो. दहा दिवस त्यावर तिलांजली, दहाव्याला तो पाण्यात. बाराव्याला सपिंडीकरण: प्रेताचा पिंड तोडून बाप, आजा, पणजा यांच्या पिंडांत मिसळायचा. त्यानंतर संकल्पात ‘प्रेत’ शब्द येत नाही, माणूस पितर झाला. एकदा घाटावर एका मुलाने मला विचारलं, “दगड टाकून दिला, मग आजोबा कुठे आहेत हे कळणार कसं?” कुणीतरी त्याला दटावलं. मी म्हटलं, कुठे आहेत ते कळू नये म्हणूनच टाकला रे, त्यांना पुढे जायचंय. त्याचं समाधान झालं नाही, आणि खरं सांगायचं तर ते होण्यासारखं उत्तरही नव्हतं.

पुस्तकातल्या लिझाला नेमका दगडच हवा आहे, थडग्यावरचा. चेटकीण ठरवून मारलेली ही पोर दफनभूमीच्या कडेला, चर्चने पवित्र न केलेल्या जमिनीत पुरली आहे. ना नाव, ना खूण. आत्महत्या केलेल्यांना, बाप्तिस्मा न झालेल्या बाळांनाही इंग्लंडात असंच कडेला ठेवत. आत्महत्या केलेल्याला रस्त्यावर पुरण्याची चाल तर 1823 च्या कायद्याने बंद करावी लागली. यावरून इंग्रजांना नावं ठेवण्याआधी आपल्या गावांतली जातवार स्मशानं आठवावीत. कितीतरी गावांत ती आजही आहेत. पुढे जाणाऱ्या आत्म्याला जात नसते असं आम्ही सांगतो आणि सरणाची जागा मात्र जात पाहून देतो. बॉडला हे शास्त्र माहीत नाही. तो लिझासाठी दगड मिळवायला जिवावरचं संकट ओढवून घेतो, आणि तेवढं जमत नाही तेव्हा काचेच्या एका पेपरवेटवर तिच्या नावाची दोन अक्षरं रंगवून तिथे ठेवतो. माझ्या मते पुस्तकातलं हे सर्वांत मोठं धर्मकृत्य आहे.

मुलांना मृत्यूबद्दल काय कळतं, असं म्हणणाऱ्यांनी कठोपनिषद उघडावं. यमाच्या दारात तीन रात्री उपाशी बसलेला नचिकेता पोरगाच आहे. मेलेला माणूस असतो की नसतो, हा त्याचा तिसरा वर. यम हत्ती, घोडे, शेकडो वर्षांचं आयुष्य देऊ करतो, हा हटत नाही. मोठा माणूस असता तर हत्ती घेऊन परतला असता.

शेवटी पंधरा वर्षांच्या बॉडला भुतं हळूहळू दिसेनाशी होतात आणि तो जगात निघून जातो. पुष्कळांना हा शेवट जिव्हारी लागतो. मला तो बाराव्याचा विधी उलटा केल्यासारखा वाटला: आम्ही जिवंत माणसं मेलेल्याला वाटेला लावतो, इथे मेलेल्यांनी जिवंताला लावलं.

नातीला मी पुस्तक दिलं. तुम्हीही दहा-अकरा वर्षांपुढच्या मुलांना द्या. पहिलं प्रकरण तेवढं शेजारी बसून वाचा, खून तिथेच आहेत. पुढचं ती आपली आपण वाचतील.